आखडता हात

पोतं एकच होतं आणि गिऱ्हाइकं दोन.

डिसेंबरातली सकाळ. पिपलानीच्या बाजारात रंग-चुन्याच्या दुकानापुढे विनिता वानखेडे ओढणी कमरेला खोचून उभी होती. तिच्या आणि चुन्याच्या त्या शेवटच्या पोत्याच्या मधे एक उंच तरुण येऊन ठाकला. त्यालाही तेच पोतं हवं होतं. भोपाळच्या मराठी माणसांना एक खोड असते. दुकानात, बसमध्ये, रांगेत मनातलं सगळं मराठीत मोठ्यानं बोलायचं, आजूबाजूला कोणाला कळणार आहे म्हणून. विनिताही तशीच बोलून गेली.

"काय उंट मधे येऊन उभा राहिलाय! जरा सरकावं की नाही माणसानं?"

उंट वळला आणि हसला.

"उंटाला मराठी येतं," तो म्हणाला. "सरकतो. पण पोतं सोडणार नाही."

विनिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माफी मागावी तर पोतं जाईल, न मागावी तर आईनं लावलेलं वळण आडवं येईल.

"घर रंगवताय?" तिनं आवाज मऊ करून विचारलं. "मग दोन दिवसांनी रंगवा ना. मला मैदान आखायचंय, उद्यापासून सराव आहे."

"खो-खो?"

"हो. बरखेडा वसाहतीचं."

त्यानं कपाळावर हात मारला. "घ्या! म्हणजे शत्रूला दारूगोळा मीच पुरवायचा? मी आनंदनगरचा. मलाही मैदानच आखायचंय."

"आधा-आधा कर लो भाई," दुकानदार वैतागून म्हणाला, "मेरा टाइम मत खाओ."

अर्धा चुना तिचा, अर्धा त्याचा असं ठरलं. तिच्याकडे गाडी नव्हती, त्याच्याकडे स्कूटर होती. तेव्हा तिचा वाटा तो बरखेड्याला पोचवील हेही ओघानंच ठरलं. ती मागे बसली, पोतं त्याच्या पायांशी. पोत्याला खालून भोक होतं हे दोघांनाही वानखेड्यांच्या क्वार्टरपुढे उतरल्यावर कळलं. बाजारापासून फाटकापर्यंत रस्त्यावर पांढरी रेघ पडली होती.

"चला," तो त्या रेघेकडे बघत म्हणाला, "आता पत्ता विचारायला नको. परत यायचं झालं तर रेघ धरून येईन."

"परत कशाला यायचं?"

"उरलेला चुना न्यायला."

"तो तर रस्त्यावर सांडला."

"मग... नुसतंच," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस लाजला.

त्याचं नाव प्रतीक देशकर. पुढे जे झालं ते पाहता त्या दुकानदारानं पोतं आधीच कोणा तिसऱ्याला विकलं असतं तर बरं झालं असतं. पण ते आता बोलून काय उपयोग.

मैदानाची गोष्ट सांगायला हवी, कारण या दोघांचं सगळं तिथेच बनलं आणि तिथेच बिनसलं. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात महाराष्ट्रातून माणसं आली तेव्हापासून मराठी मित्रमंडळ दर संक्रांतीच्या आधीच्या रविवारी खो-खोची वसाहत ढाल खेळवत आलं आहे. नियम जुना आणि कडक. ज्या छताखाली झोपता त्या वसाहतीकडून खेळायचं, उसना खेळाडू चालणार नाही. पूर्वी मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे सामने व्हायचे. मग माणसं निवृत्त होत गेली, क्वार्टरं ओस पडली, दारांना कुलपं लागली. नऊ मुलगेही जमेनात आणि नऊ मुलीही जमेनात. शेवटी मंडळानं दोन्ही संघ एकत्र केले. तेव्हापासून मुलगे-मुली एकाच संघात खेळतात आणि एकमेकांना पळवतात.

एकोणीस वर्षांपूर्वी अंतिम सामना बरखेडा आणि आनंदनगर यांच्यातच झाला होता. बरोबरी झाली की इथे लघुत्तम आक्रमणाचा डाव होतो. दोन्ही संघांनी आळीपाळीनं पाठलाग करायचा, आणि पहिला गडी जो कमी वेळात बाद करील तो जिंकला. त्या डावात विनिताचे वडील सुधाकर वानखेडे अकरा सेकंदांत बाद झाले. ढाल गेली ती गेलीच, वर नाव चिकटलं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, भाजीवाल्यापाशी, मंडळाच्या हळदीकुंकवातसुद्धा ते 'अकरा सेकंद' झाले. "अकरा सेकंद आले, चहा लवकर आणा, नाहीतर निघून जातील!" लोक हसायचे, सुधाकररावही हसायचे. हसून झालं की हात उगाच पँटला पुसायचे. विनिता चार वर्षांची होती तेव्हापासून तिला ते हात पुसणं दिसत आलं होतं.

आता एकतीस जानेवारीला सुधाकरराव निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं, नागपूरला फ्लॅटमध्ये जायचं. म्हणजे तेवीस वर्षांच्या विनिताची ही शेवटची ढाल होती. जिंकायचं तर याच वेळी, आणि स्वतःच्या पायांनी. बाबांच्या मागे लागलेलं ते नाव बरखेड्यातच पुरून जायचं, नागपूरला न्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती बचावात तरबेज होती. धावताना तिची वेणी एकीकडे जायची आणि ती दुसरीकडे.

प्रतीक चुना न्यायला आलाच. मग विचारलेलं पुस्तक द्यायला आला, मग न विचारलेलं द्यायला. मग दोघं रायसेन रोडवर पेरूच्या गाडीपाशी भेटू लागली. तो करोंदच्या मंडीत धान्याची प्रत तपासायचं काम करत असे. खिशात नेहमी मूठभर गहू असायचे.

"चाव," तो एक दाणा तिच्या तळहातावर ठेवत म्हणायचा.

"कशाला?"

"टक्क वाजला तर कोरडा. नाही वाजला तर पाणी मारलंय. एवढं साधं आहे बघ."

ती चावायची. टक्क.

"माणसांचं कळतं का असं चावून?"

"बघायला हवं एकदा..." तो तिच्याकडे न बघता म्हणायचा, आणि पेरूवाला तिखटमीठ जरा जास्तच टाकायचा. विनिताच्या डोळ्यांत तिखटानं पाणी आलं की आणखी कशानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. थंडीत त्याच्या स्वेटरला धान्याच्या कोठाराचा वास यायचा. घरी आल्यावर तिच्या ओढणीलाही तो थोडासा येतो आहे असं तिला वाटायचं, आणि ती ओढणी ती धुवायला टाकायची नाही.

खेळाचं मात्र काही बोलायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. आनंदनगर आणि बरखेडा दोघंही जिंकत चालले होते, आणि अंतिम सामना कोणाचा होणार ते आंधळ्यालाही दिसत होतं.

"मैदानात ओळख दाखवायची नाही," विनितानं बजावलं. "मी दिसले की सोडायचं नाही."

"पकडलं तर रडायचं नाही."

"मी रडणारी वाटते?"

"मी पकडणारा वाटतो?"

"शपथ घे, प्रतीक."

"घेतली. गव्हाची शपथ, पक्का!" त्यानं खिशातल्या गव्हावर हात ठेवला आणि दोघं हसली.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण मन एकदा मोकळं व्हायला लागलं की त्याला दार कुठे लावावं ते कळत नाही. एका संध्याकाळी तिनं त्याला बाबांची गोष्ट सांगितली. अकरा सेकंद, कॅन्टीन, पँटला पुसलेले हात, सगळं सांगितलं. प्रतीकनं हातातली पेरूची फोड खाली ठेवली.

"विनी," तो म्हणाला, "तुझे बाबा... फार चांगले असणार."

तिला वाटलं, याच्याइतकं आपल्याला कोणी समजून घेतलं नाही. तिची चूक झाली ती इथे.

सामन्याच्या आदल्या दिवशी मावठ्याचा शिडकावा झाला. रविवारी सकाळी मैदानावर लाकडाचा भुसा पसरला, त्यावरून पुन्हा चुन्याच्या रेघा मारल्या. मंडळाची माणसं शाली गुंडाळून खुर्च्यांवर बसली. पंच दिगंबरकाका होते, तीस वर्षं शिट्टी वाजवून त्यांचे ओठ कायमचे पुढे आलेले. सुधाकरराव खुर्चीवर बसले नाहीत. कडेला, रेघेपासून दोन पावलांवर उभे राहिले.

सामना असा झाला की मंडळातले म्हातारे आजही त्यावरून भांडतात. पहिल्या डावात आनंदनगर एका गुणानं पुढे. दुसऱ्यात बरखेड्यानं शेवटच्या मिनिटात दोन गडी टिपले. विनिताच्या संघातली तिची मैत्रीण मंजूषा साडेतीन मिनिटं नाबाद राहिली आणि बाहेर येऊन ओकली. मग पुन्हा आनंदनगर. प्रतीक म्हणजे नुसती वीज. खांबाला एका हातानं धरून सगळं अंग आडवं झोकायचं आणि दुसऱ्या हातानं पळणाऱ्याची पाठ गाठायची, ही त्याची झेप. दोनदा ती विनिताच्या पाठीमागून सणसणत गेली आणि दोन्ही वेळा ती वेणीभर अंतरानं वाचली. तिला भीती वाटली आणि आनंदही झाला. हा सोडत नाहीये! शपथ पाळतोय! जीव तोडून पळण्यात इतकं प्रेम असतं हे तिला त्या सकाळी कळलं.

शेवटी चौदा-चौदा अशी बरोबरी झाली.

"लघुत्तम आक्रमण!" दिगंबरकाका ओरडले, आणि सगळ्या मैदानाचे डोळे नकळत सुधाकररावांकडे वळले. कोणीतरी हसलंसुद्धा.

आधी पाठलाग बरखेड्याचा. आनंदनगरचा पहिला गडी पडायला सदतीस सेकंद लागले. आता आनंदनगरचा पाठलाग. सदतीसच्या आत कोणी पडलं तर हरलो, नाही पडलं तर ढाल आपली. मैदानात विनिता, मंजूषा आणि समीर उतरले. समीर म्हणजे बरखेड्याचा कप्तान.

पहिली वीस सेकंदं आनंदनगरवाले समीरच्या मागे लागले. मग मंजूषाच्या. अठ्ठावीस, एकोणतीस. खो, खो, खो! तिसाव्या सेकंदाला खो प्रतीकला मिळाला आणि त्याच्या समोर, खांबाच्या अलीकडे, विनिता होती.

ती पळाली. भुसा पायाखाली सरकत होता. तिनं वेणी डावीकडे टाकली, अंग उजवीकडे नेलं, पण तो फसला नाही. खांब आला. तिला वळसा घालायचा होता आणि जागा नव्हती. त्यानं खांब धरला, त्याचा श्वास तिच्या मानेला लागला. पळणारा माणूस खांद्यावरून मागे बघतोच. तिनं बघितलं. त्याचा पंजा तिच्या पाठीपासून एक वीत मागे होता. उघडा, पाची बोटं पसरलेली. आणि मग ती बोटं मिटली. मूठ झाली. मूठ खाली आली आणि त्याच्यामागून सगळा प्रतीक धाडकन भुशात पडला.

"सदतीस!"

शिट्टी वाजली. मग काय झालं ते विनिताला नीटसं आठवत नाही. मंजूषानं तिला उचललं. ढोल वाजला. आयुष्यात कधी मैदानात चपला घालून न शिरलेले सुधाकरराव चपलांसकट धावत आले आणि तिचं डोकं छातीशी धरून हमसून रडले. "माझी पोर, माझी पोर..." एवढंच म्हणत राहिले. तिकडे प्रतीक अजून पालथाच होता. त्याच्याच संघातला एकजण त्याच्या डोक्यापाशी उभा राहून ओरडत होता, "एक वीत यार! एक वीत कमी पडला तू! सात दिवस झोपलो नाही आपण या सामन्यासाठी!"

ढाल घेताना मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवर पुकारलं, "सुधाकरराव, या!" एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी चारचौघांत नावानं बोलावलं. ते स्टेजवर चढले. त्यांनी हात पँटला पुसले नाहीत. विनिता टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे ती पाच बोटं पुन्हा पुन्हा मिटत होती.

सोमवारी संध्याकाळी तो पेरूच्या गाडीपाशी तिच्या आधीच येऊन थांबला होता. कोपराला खरचटलेलं. तिला बघून सगळा चेहरा हसला.

"काय ढालवाल्या बाई! मिठाई कुठेय?"

"काल मूठ का मिटलीस?"

"कुठली मूठ?"

"प्रतीक."

तो हळूच म्हणाला, "दिसलं तुला? मला वाटलं कोणालाच... बरं झालं. सांगायचंच होतं. म्हणजे कसं सांगू ते कळत नव्हतं." त्यानं खिशातले गहू काढले, परत ठेवले. "मला तू आवडतेस, विनी. त्या चुन्याच्या दिवसापासून. काल खांब धरला आणि तुझे बाबा दिसले. रेघेपाशी उभे होते, डोळे घट्ट मिटून. हात पुढे गेलाच नाही... तुझ्यासाठी ढाल काय चीज आहे? मी काहीही सोडीन."

महिनाभर ती याच शब्दांची वाट बघत होती. रात्री उशीवर डोकं ठेवून तिनं ते शब्द त्याच्या आवाजात कितीदा ऐकले होते. आता ते आले, पण असे आले की तिला ते घेता येईनात.

"मला जिंकायचं होतं," ती म्हणाली.

"मग जिंकलीस ना!"

"तू जिंकवलंस."

"त्यात फरक काय, यार? ढाल तुमच्या कपाटात आहे, बाबा खूश आहेत, सारी वसाहत तुझं नाव घेतेय..."

"तू शपथ घेतली होतीस."

"अगं, ती गव्हाची शपथ! मस्करीतली!"

"आणि तुझे आठ जण? त्यांना विचारलंस, तुमची ढाल देऊन टाकू का म्हणून?"

पेरूवाल्यानं दोघांच्या तोंडाकडे बघून तिखटमिठाची डबी गुपचूप बंद केली.

"सुटले असते मी कदाचित," विनिता म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तू हात पुढे नेला असतास तरी सुटले असते. दोनदा सुटले होते ना? आता ते मला कधीच कळणार नाही."

"नाही गं," तो पटकन म्हणाला, "पकडलंच असतं. शंभर टक्के. तू हातातच होतीस माझ्या."

तो बोलला आणि लगेच जीभ चावली. पण बोलताना त्याची छाती कणभर पुढे आली होती ती तिनं पाहिली. मन मोठं केलं ते केलं, वर त्याची मापंही मनात धरून ठेवली होती त्यानं. तिला त्याचा राग आला, आणि राग आला तरी त्याच्या खरचटलेल्या कोपरावर फुंकर घालावी असं वाटत राहिलं, याचा आणखी राग आला.

ती घरी न जाता थेट दिगंबरकाकांकडे गेली आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. काकांनी चष्मा काढून पुसला.

"पोरी, हात लावणं नियमात आहे. न लावणं कुठल्याच नियमात फाउल नाही. मी काय निकाल फिरवू? आणि फिरवलाच, तर सुधाकरला कोण सांगणार, तू?"

ती उठून आली. घरी बाबा ढालीवरची नावं भिंगातून वाचत बसले होते. बरखेड्याचं नाव कुठे कोरायचं त्याची जागा त्यांनी पेन्सिलनं खूण करून ठेवली होती. तिनं चहा टाकला. तिला कळून चुकलं, ही गोष्ट आता जन्मभर दोघांतच राहणार, तिच्यात आणि प्रतीकमध्ये. ज्याच्यावर रागावायचं त्याच्याशीच हे गुपित बांधलं गेलं होतं.

संक्रांत झाली. आठवड्याभरानं प्रतीकची आई, विमलताई, हळदीकुंकवाचं निमित्त काढून आल्या. तिळगूळ दिला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता मूळ मुद्द्यावर आल्या. "आमच्या प्रतीकनं घरात दुसरं काही बोलायचंच सोडलंय, रजनीताई. तुमची हरकत नसेल तर..."

विनिताच्या आईची हरकत कसली असणार! रजनीताईंचे डोळे भरून आले. सुधाकरराव तर खुर्चीतून उठलेच. "अहो, मी बघितलाय ना पोरगा! हरला तरी तोंडावर हसू होतं. असं हरता येणारा माणूस हजारात एक असतो. आमच्याकडून हो समजा. काय गं विने?"

विनिता साखरेच्या डब्याचं झाकण लावत होती. ते तिला लागेना.

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली.

ते दोन दिवस तिनं स्वतःशीच भांडण केलं. चूक केली त्यानं, पण कशापायी? मायेपायी. वाईट चालीचा नाही, दारू नाही, खोटेपणा नाही. त्याच्या एका मुठीसाठी अख्खं आयुष्य नाही म्हणायचं? लोक ऐकतील तर वेडी म्हणतील. आणि तिला तो हवा होता, हे तर होतंच. रायसेन रोडवरून धान्याचा ट्रक गेला तरी तिची मान वळत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला तिनं त्याला बरखेड्याच्या मैदानावर बोलावलं. धुकं होतं. खांब अजून काढले नव्हते.

"मी पळते," ती म्हणाली. "या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि वळसा. तू पकड. खरं पकड, प्रतीक. हात आखडलास तर मला कळेल."

"आणि पकडलं तर?"

"तर बोलू."

त्यानं स्वेटर काढून ठेवला. दोघांनीही बूट काढले. त्याचा चेहरा गंभीर झाला, अंतिम सामन्यात होता तसा. तिला ते आवडलं.

ती पळाली. अंगात होतं नव्हतं ते सगळं पायांत आणून पळाली. वेणी डावीकडे, अंग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दुसऱ्या खांबाला वळसा घातला, ओली माती निसटली, तिनं तोल सावरला, आणखी वेग घेतला. आणि तिच्या पाठीवर थाप बसली. सपकन. पाची बोटांची, उघड्या पंजाची.

ती थांबली. पाठ झणझणत होती. छाती धपापत होती. आणि तिला हसू आलं. सामन्यानंतर पहिल्यांदा खरंखुरं हसू. हरली होती ती, चक्क हरली होती, आणि कितीतरी दिवसांनी तिचा जीव हलका झाला होता. पकडलं त्यानं! तिच्यापेक्षा तो चांगला आहे, बस्स, एवढंच! एवढं तिला चालणार होतं. आनंदानं चालणार होतं. 'हो' तिच्या ओठांवर आलं होतं, नुसता श्वास बसायचा अवकाश होता.

प्रतीक गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. त्यानं मान वर केली. घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत इतकी माया की बघवत नव्हती.

"थँक यू," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"मला कळलं, विनी. मुद्दाम थांबलीस ना खांबापाशी? हो म्हणायचं होतं म्हणून..."

"मी थांबले नाही."

"चल, खोटारडी! पाय अडखळवलास तू. मी बघितलं ना!" तो प्रेमानं हसला. "फिटलं आता. मी सोडलं, तू सोडलंस. हिसाब बराबर."

"प्रतीक, मी जीव तोडून पळाले. तू मला पकडलंस. खरंच पकडलंस."

"बरं बरं," तो तिची समजूत घालत म्हणाला, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तसा. "तू म्हणतेस तर तसंच. मी कोणाला सांगणार नाही."

विनिता त्याच्याकडे बघत राहिली. तो चांगला होता. त्याच्या चांगुलपणाला कुठेच अंत नव्हता. त्याच्या घरात ती कधी हरणार नव्हती आणि कधी जिंकणारही नव्हती. जे मिळेल ते त्यानं दिलेलं असणार होतं, आणि तिनं दिलेलं असं समजून तो घेणार होता. ओठांवर आलेलं 'हो' तिनं गिळून टाकलं.

"आईंना सांग," ती म्हणाली, "नाही म्हणून."

"काय नाही?" तो अजून हसतच होता.

तिनं आपले बूट हातात घेतले आणि ती निघाली. मागून त्यानं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाजातलं हसू गेलं होतं. तिनं वळून पाहिलं नाही.

वसाहतीत बोलायचं ते लोक बोललेच. ढाल काय मिळाली, पोरीच्या डोक्यात हवा गेली! सुधाकरराव आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. फेब्रुवारीत सामानाचा ट्रक भरताना आईनं शेवटचं विचारलं, "एवढं तरी सांग, त्या पोरात वाईट काय होतं?"

"काही नाही, आई," विनिता म्हणाली आणि गादीची दोरी आवळायला वाकली, म्हणजे आईला तिचं तोंड दिसू नये. "त्यानं मला पकडलं होतं गं. खरंच पकडलं होतं. आणि त्याला ते पटलंच नाही."